येथे थुंकावे

आमच्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात
देवांच्या टाइल्स बसवतात, कुणी थुंकू नये म्हणून.
इथे लीथमध्ये, बंदरामागच्या गल्लीत,
सात पायऱ्या उतरून तळघरात,
इशबेल रेनीनं पहिल्याच दिवशी
माझ्या हातात जस्ताची बादली दिली.
घोट घे, फिरव, हवा ओढ, थुंक.
गिळत बसलीस तर साडेनवाला बिलं चुकतील.

आधी हनुवटीवर, मग शर्टावर.
तिसऱ्या आठवड्यात बारीक, सरळ धार.
आईला फोनवर सांगितलं, हॉटेलात लागलेय.

शब्द ती पाठ करून घ्यायची. गूजबेरी.
मी गूजबेरी पाहिलीही नव्हती.
जुलैत बाजारातून एक पुडा आणला,
बसच्या वरच्या मजल्यावर बसून संपवला.
आंबट. एवढंच.
रायआवळा म्हणून टाकलं असतं,
पण नव्हता तो रायआवळा.
उगाच नातं लावायचं नाही, म्हटलं.

मग ऑक्टोबरातली ती बाटली.
इशबेलनं बूच काढलं, नाक ग्लासात घातलं,
डोळे मिटून म्हणाली, वा. चेरी, चामडं, किंचित धूर.
आणि टलक म्हाताऱ्यापुढे ठेवला ग्लास,
ज्यानं चाळीस वर्षं धुक्यातून जहाजं आत आणली.
मला टेबलापलीकडून आला वास.
ओला पुठ्ठा.

तो मी झोपेतही ओळखेन.
दोन हजार पाचला कृष्णा
बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात शिरली,
पाच दिवस बसून राहिली.
उठून गेली तेव्हा हळदपेठेतल्या चोपड्या
पावासारख्या फुगलेल्या.
बाबा एकेक नाकाशी धरायचे,
ही वाचेल. ही गेली.

मी टलकांपुढचा ग्लास उचलला.
ही गेली, म्हटलं. मराठीतच.
इशबेलच्या चेहऱ्यावर राग नव्हता.
पकडलं गेल्यावर माणूस जसा गप्प होतो,
तशी ती गप्प.

खुर्च्या उलट्या ठेवल्यावर बोलली.
दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, गेला,
जाताना नाक घेऊन गेला.
दूध करपलेलं भिंत काळी झाल्यावर कळतं.
बहिणीला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.
तीस वर्षांचे शब्द होते गाठीला,
बाटलीवरचं गाव वाचायचं, साल वाचायचं,
आणि म्हणून दाखवायचं.

आता आमचं ठरलंय.
बूच निघालं की पुसायच्या निमित्तानं ग्लास माझ्याकडे.
टेबलावर एक बोट, ठीक.
दोन, गेली.
पुढचं ती बोलते, गिऱ्हाइकं माना डोलावतात.
तासाला चाळीस पेन्स वाढले,
त्याबद्दल दोघी काही बोललो नाही.

परवा मंगळवार. समुद्राकडून धुकं,
पायऱ्या दिसत नव्हत्या, कोण येतंय.
तिनं एका मळ्याचा फोटो दाखवला,
खांब निळसर, पानांवर निळे शिंतोडे.
मोरचूद आणि चुना, मी म्हटलं, तिच्याआधी.
बाबा खळीत घालायचे मोरचूद,
पुस्तकांना कसर लागू नये म्हणून,
हीच निळी चिमूट.

तिनं विचारलं, खळीला वास असतो?

असतो ना, म्हणाले, आणि अडकले.
तिचे सगळे शब्द मला पाठ, एकही बसेना.
गरम, म्हटलं. मैदा. पण भाकरीसारखा नाही.
भांडं उतरवल्यावर वर साय धरते ना, तिचा.
आणि ब्रशच्या ओल्या केसांचा.
बाबांच्या नखांत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा.

इशबेलनं रिकामा ग्लास उचलला,
नाक आत घातलं, डोळे मिटले,
अगदी गिऱ्हाइकांपुढे करते तसं.
बराच वेळ.
हं, म्हणाली.

मी टेबलावर एक बोट टेकवलं
आणि बादली विसळायला उठले.