वजनकाटा

वादळ कोकणात पोचलं बुधवारी दुपारी.
पुण्यात आमच्याकडे ते गुरुवारी आलं, साडेदहाला,
तीन प्रतींत.

मार्केट यार्डातला सरकारने मागून घेतलेला गाळा.
समोर अकरा ट्रक, भरलेले, दोर आवळलेले.
ताडपत्र्या चार हजार एकशे ऐंशी,
मेणबत्त्या, काडेपेट्या, किलोकिलोची तूरडाळ, पावाचे पुडे,
आणि का कोण जाणे, सहाशे पायपुसणी.
कुणा दानशूराने दिली. पावती मात्र उभ्याउभ्या मागून घेतली.

ट्रक निघत नव्हते,
कारण पिशव्यांवर चिकटवायचे फोटो छापून यायचे होते.
नारायण पेठेतला छापखानेवाला म्हणाला,
साहेबांच्या कपाळावर शाई पसरतेय, पुन्हा काढतो.
दुसऱ्या पक्षाचे म्हणाले, डाळ आमची आहे,
ताडपत्रीवर तुम्ही या हवं तर, डाळीवर नाही.
यावर बैठक झाली. चहा दोनदा आला.
झेंडा शनिवारी दाखवायचा की रविवारी,
यावर दुसरी.

मधेच खारशेतचा तलाठी, पाष्टे,
टेकडीवर चढून, रेंजची एक काडी पकडून:
"मॅडम, पंचनाम्याचे कागद भिजतायत.
फॉर्मात विचारलंय, घर अंशतः पडलं की पूर्णतः.
भिंती आहेत. छप्पर नाही. माणसं आत बसलीयत.
काय लिहू?"
मी परिपत्रक काढलं. म्हटलं, किती टक्के गेलं ते बघा.
तो म्हणाला, वर नुसतं आभाळ आहे मॅडम,
त्याचे टक्के कसे काढू?
आणि रेंज गेली.
गेली म्हणून मला बरं वाटलं,
हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

शुक्रवारी रात्री इलाही आतार केबिनमधून उतरला.
"बाई, पावाला लव आलीय.
ताम्हिणी अजून उघडाय. उद्या दरड आली
मग झेंडा दाखवा नायतर चादर दाखवा."
मी काही बोलले नाही.
सव्वीस वर्षं नोकरी झाली.
बोलणं आणि आदेश यांतला फरक
बरोब्बर निवृत्तीवेतनाएवढा असतो.
वही ओढली, त्याच्या गाडीपुढे लिहिलं:
वजनकाट्यावर.
वही तशीच उघडी ठेवली, त्याच्या बाजूला फिरवून.
त्याने वाचलं. गाडी सुरू केली.
दिवे लावले ते गेटाबाहेर गेल्यावर.

रविवारी मांडव, हार, स्पीकरवर सनई.
साहेबांनी बोटाने मोजले. दहा.
भाषणात तर अकरा होते,
आणि भाषण बदलायचं म्हणजे पुन्हा छापखाना.
मंचरहून कांद्याची गाडी नुकती आली होती,
तिलाच फलक बांधला. ड्रायव्हर जेवत होता, उठवला.
अकरा गाड्या झेंड्याखालून गेल्या.
अकरावी गंगाधाम चौकातून वळली
आणि मागच्या गेटाने परत येऊन कांदा उतरवू लागली.
सोमवारच्या पेपरात फोटो होता.
कांदा सगळ्यांत पुढे.

आतार बुधवारी परतला, दाढी वाढलेली.
पोच आणली ती शाळेच्या हजेरीपटाच्या फाडलेल्या पानावर,
मागच्या बाजूला, बॉलपेनने:
ताडपत्र्या ३८० मिळाल्या.
पाव गुरांना घातला.
पायपुसणी फार उपयोगी पडली, असल्यास आणखी पाठवावीत.
पाष्टे, तलाठी.

फेब्रुवारीत लेखापरीक्षण आलं.
बारीक चणीचा मुलगा, सांडगे नावाचा, हुशार.
"गाडी पाच दिवस वजनकाट्यावर होती, मॅडम?
वजनाची पावती जोडलेली नाही."
मी ते पान पुढे सरकवलं.
त्याने वाचलं, मग उलटवलं.
पुढच्या बाजूला आठवीचा वर्ग, तेवीस नावं,
मंगळवारपर्यंत सगळी हजर.
बुधवारच्या रकान्यात शाई फुटलेली.
तो बराच वेळ त्याच बाजूला होता.
मग नियमाप्रमाणे लिहिलं:
आक्षेप क्रमांक चौदा. खुलासा सात दिवसांत.

चार कच्चे खुलासे खणात पडलेत.
एकातही
वजन लिहिता आलेलं नाही.