ब्राइट बार

कुपवाडच्या रात्रशाळेत शेवटचा तास.
फळ्यावर मी शब्द लिहिला: ब्राइट.
मुलं एमआयडीसीतून थेट आलेली, नखांत ग्रीस.

अर्थ सांगत गेले.
ऊन असेल तर लख्ख, रंग असेल तर भडक,
भांडं असेल तर चकचकीत, पोरगं असेल तर हुशार,
भविष्य असेल तर उज्ज्वल,
आणि लिहिताना एक ज खाल्ला.

मार्केट यार्डातली वैजंता म्हणाली,
"हळद ड्रममधनं पॉलिश होऊन निघते ना बाई, ती ब्राइट.
दर जादा मिळतोय तिला."

मागच्या बाकावरून तौफिक मुजावर:
"मॅडम, आमच्यात ब्राइट म्हणजे बार.
काळा बार येतो. ॲसिडात बुडवून वरची खपली काढायची,
डायमधनं ओढायचा. मग त्यात तोंड दिसतंय."
वर्ग हसला. तो थांबला नाही.
"पण लगेच तेल लावायला लागतंय.
काळा बार अंगणात पडला तरी दम धरतोय.
ब्राइटला एक रात्र पुरे.
सकाळी बघावं, तर बोटांचे ठसे तांबडे उठलेले.
ज्यानं ज्यानं उचलला, त्याचे."

घंटा झाली. वह्या तपासायच्या राहिल्या.

आमच्या दादाच्या प्रगतिपुस्तकावर
हेडमास्तरांनी तांबड्या शाईत हाच एक शब्द लिहिलेला,
सहा वर्षं, दरसाल.
आईला इंग्रजी येत नव्हतं,
तरी तिनं तो गल्लीभर वाचून दाखवला.
येईल तो पाहुणा दादाला हातात घेऊन बघायचा.

पुण्याहून तो दुसऱ्या वर्षी परत आला.
का, ते विचारायचं नाही असं ठरलं.
कुणी ठरवलं, आठवत नाही.
आता विश्रामबागला झेरॉक्सच्या दुकानात असतो.
झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकते
तेव्हा डोळे मिटून घेतो,
दिवसातून पाच-सातशे वेळा.

घरी आले तर पायरीवर बसलेला.
डोकं कोरडं, आई गेल्यापासूनच तसं.
फडताळातली खोबरेल तेलाची बाटली काढली.
थंडीनं गोठलेली, पांढरी;
उलटी धरली तरी हलेना.

"काय करतीस?" त्यानं विचारलं.
"काही नाही. उद्या रविवार आहे ना," म्हटलं,
आणि बाटली खिडकीत ठेवली,
सकाळचं ऊन पहिल्यांदा येतं तिथं.