एकही नाही

खाकी पाकिटातून नौदलाचं पत्र आलं:
'वर्धनगड' बुधवारी सूर्यास्ताला सेवेतून उतरते आहे,
आजी-माजी सर्वांनी यावे.
बुधवारी पुसेगावहून बटाट्याचं बियाणं आणायचं ठरलेलं.
शिवाय गुडघा.
गेलो नाही.

आमच्या गडाला समुद्र माहीत नाही.
टाक्यातलं पाणी चैत्रात तळाला जातं,
आणि त्याचं नाव एका विनाशिकेला दिलं
दिल्लीतल्या कुणीतरी, नकाशा बघून किंवा न बघता.
तिच्यावर माझी बदली झाली तेव्हा आई म्हणाली,
म्हंजे घरीच हाईस की.

सात हजार टन.
पुढच्या डेकखाली क्षेपणास्त्रं उभी,
कणगीत दाणा ठेवावा तशी, झाकणं लावून.
माथ्यावर रडार, चार सेकंदांना एक फेरी.
मी खाली, निळ्या अंधारात, स्वेटर घालून,
अकरा वर्षं आभाळ वाचलं,
आभाळ न बघता.

गावात विचारतात, किती पाडली?
सरावात एक पाडलं, बिनमाणसाचं,
नारिंगी रंगाचं.
बाकी एकही नाही.
विचारणारा मग तंबाखू मळायला लागतो.

कसं सांगू त्याला,
की एडनच्या आखातात तेलाच्या जहाजांच्या कडेनं
एकोणऐंशी दिवस चाललो,
मेंढरांच्या कडेनं धनगर चालतो तसं,
आणि लांडगा आला नाही, ही आमची कमाई.
एका जळत्या बंदरातून सहाशे माणसं आणली.
हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये एक बाई बाळंत झाली,
आणि गुरमेल आचाऱ्यानं माझा घरून नेलेला वाघ्या घेवडा
तिला शिजवून घातला.
बाळंतिणीला घेवडा!
इंदुमती अजून त्याला शिव्या देते.
मग दीड वर्ष गोदीत, पोट उघडं टाकून.
नवीन तारा, नवीन पडदे, जुने आम्हीच.

आणि ती रात्र.
तारीख नोंदवहीत आहे, मी सांगत नाही.
नव्वद मैलांवर ठिपका.
ओळख विचारली. उत्तर नाही.
ऐंशी. उत्तर नाही.
खाली एका कणगीचं झाकण उघडण्याची तयारी झाली,
ते ऐकू येत नाही, पायाला कळतं.
कॅप्टन कुरियन माझ्या खुर्चीमागे,
श्वासाला वेलचीचा वास.
फडतरे, काय वाटतं?
यंत्राला नाही, मला विचारलं.
मी उंची बघितली, चाल बघितली.
दिवसभराच्या नांगरटीनंतर
बैल जसा कुणी न हाकता घराकडं वळतो,
तसा चालला होता तो.
सर, प्रवासी आहे, म्हणालो,
आणि जीभ टाळूला चिकटली.
सत्तर.
चौसष्ट.
बासष्टला उत्तर आलं. कुणीतरी चुकीच्या चॅनेलवर होतं.
दोनशे चौदा माणसं, बहुतेक झोपलेली.
लालथनझुआलानं नोंदवहीत लिहिलं:
विशेष काही नाही.
त्याचं अक्षर सुंदर होतं, त्या रात्री जरा तिरकं आलं.

त्या दोनशे चौदांतलं कुणी आज
एखाद्या लग्नात पंगतीला बसलं असेल,
मठ्ठा आंबट आहे म्हणून कुरकुरत असेल.
कुरकुरू दे.

बुधवारी सहा वाजून चाळीस मिनिटांनी
ओट्यावर उभा राहिलो, टोपी घालून.
कुत्रं भुंकलं, टोपीला बहुतेक.
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या.
रडारला त्या चालत नाहीत,
पाती विमानासारखी दिसतात, नसलेलं दाखवतात.
माझ्या डोळ्यांनाही तेच झालं असावं,
कारण गडाच्या बुरुजावर क्षणभर
झेंडा उतरताना दिसला.

मग उत्तरेकडून एक खरं विमान आलं,
तांबडा दिवा उघडझाप करत.
ते गडामागं जाईपर्यंत बघत राहिलो.
ओळख विचारली नाही.

दव पडायला लागलेलं,
पोत्यांवर ताडपत्री टाकायची राहिली होती.