केळं खाऊ का नको

बाहेर चव्वेचाळीस, इन्क्युबेटरात सदतीस.
मे महिन्यात सोलापुरात इतकी गार जागा
फक्त या पेशींच्या नशिबी.
कुठल्याशा परदेशी बाईच्या छातीतल्या.
बाई कधीच गेली. ह्या अजून वाढतायत,
एक दिवसाआड माझ्या हातचं पाणी पितात.

केसाहून बारीक काचेची सुई
पेशीच्या अंगाला टेकवते, नळीतून हलका श्वास ओढते.
पडद्यावर रेघ थरथरते:
दार उघडलं. मिटलं. उघडलं.
एवढ्याशा दारातून पोटॅशियम बाहेर सरकतं
आणि पेशीला वाटू लागतं, आता दोन व्हावं.

विडी घरकुलात चिन्नम्मा
दिवसाला हजार वळायची.
कारखान्यातला चेकर जुडी सोडून
नखानं दाबून बघायचा. सैल ती छाट.
एकदा शंभरात वीस फेकल्या त्यानं,
तेव्हा हिनं सूपच आपटलं त्याच्या टेबलावर.

पेशीतही असतो असा एक चेकर.
तिच्या उजव्या अंगाला तो कधी पेंगला
कुणाला कळलं नाही.
मांडीवर सूप, सुपाचा काठ छातीला लागायचा,
वर्षभर ती म्हणत राहिली,
काठच टोचतोय गं.

औषधाचा थेंब सोडते. दार अडतं.
तीन दिवसांनी मोजते तर बऱ्याचशा पेशी उंबऱ्यावरच,
ना मेलेल्या, ना दोन झालेल्या.
बिराजदार मॅडम म्हणतात, छान, पण हुरळू नकोस,
असलीच दारं काळजातही असतात.
म्हणून थेंब बाटलीतच.

तिसऱ्या केमोनंतर चिन्नम्माला उलट्या थांबेनात.
रिपोर्टात पोटॅशियम तीन पूर्णांक एक.
डॉक्टर म्हणाले, सलाईन लावू. घरी शहाळं, केळी.
ती माझ्याकडे बघते.
"तल्ली, तूच म्हणालीस ना, त्याच्यानं गाठ वाढती?
मग मी केळं खाऊ का नको?"

दार वेगळं, चिन्नम्मा, आणि दारातून जाणारं वेगळं...
मराठीत जमत नाही. तेलुगूत त्याहून नाही.
चेकरचं ऐकायची तशी ती सगळं ऐकून घेते.
"बरं. सोलून तरी दे."

अर्धं खाते. अर्धं माझ्या हातात ठेवते.
तेवढ्यात वीज जाते,
गल्लीतले माग एका दमात गप्प होतात,
आणि मला भलतंच आठवतं:
लॅबच्या जनरेटरात डिझेल आहे ना?
तापतील त्या.