बाणांचा डबा

जानेवारीच्या विसाव्या तारखेआधीचा रविवार.
बाळकूमच्या आमच्या चॅपलमध्ये
सांत बस्त्यावला खाली उतरवायचं काम माझं.
आधी पप्पांचं होतं, त्याआधी इनास मेस्त्रीचं,
ज्यानं फणसाच्या खोडातून हा संत काढला
आणि गुडघे मात्र नाक्यावरच्या न्हाव्याचे केले.

मूर्तीला पाच भोकं. डब्यात पाच बाण.
डबा बिस्किटांचा, झाकणावर पुसट होत गेलेलं मांजर.
एक बाण खरा नाही.
छप्पर बदललं त्या साली हरवला,
पप्पांनी छत्रीची काडी घासून बसवली.
ती मी बरगडीखाली लावतो,
तिथे मेणबत्तीचा उजेड पोचत नाही.

रेमेद मावशी पहिल्या बाकावर बसून
चिंचेनं पितळी ठाणी घासते.
सिव्हिलला तीस वर्षं ड्रेसिंग केलेली बाई.
भोकांकडे बघून दर वर्षी म्हणते,
"हा बरा झाला होता, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे.
धर्मशिक्षणाच्या वर्गात फादरांनी सांगितलं होतं:
धनुर्धाऱ्यांनी त्याला खांबाला बांधलं,
साळिंदर केलं, मेला समजून निघून गेले.
रात्री आयरीन नावाची विधवा आली
प्रेत न्यायला,
आणि प्रेतानं श्वास घेतला.
मला न्यायला आलेली मावशी दारात उभी होती,
ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत.
"फादर, बाण काढले कसे?"
"देवाच्या कृपेनं."
"ते झालंच. पण ओढून की ढकलून?"

आम्ही पोरं हसलो.
आता हसू येत नाही.
आकड्याच्या टोकाचा बाण मागे ओढला
तर मांस घेऊन येतो.
तो पुढेच ढकलावा लागतो,
पलीकडून बाहेर.
किती कापड लागलं असेल. किती उकळतं पाणी.
शेजारणींना काय सांगितलं असेल
रात्रीच्या ओरडण्याबद्दल.
कथेत हे सगळे महिने एका ओळीत मावतात:
तिनं त्याची शुश्रूषा केली.
तिची मूर्ती आमच्याकडे नाही.
तिच्या अंगात दाखवण्यासारखं काही रुतलेलं नाही.

आणि तो उठला,
सम्राटाच्या जिन्यावर जाऊन उभा राहिला
आणि बोलला.
या वेळी त्यांनी सोटे आणले.

जुझे काकाला वागळे इस्टेटच्या गेटवर मारलं
तेव्हा मी सहा वर्षांचा.
डोक्याला चौदा टाके. मावशीनंच काढले,
स्वयंपाकघरात, खिडकीकडे तोंड करून बसवून.
दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट मागितला.
गेटवर गेला. ज्यांची नावं घ्यायची होती
ती मोठ्यानं घेतली.
मेला नाही. नोकरी गेली.
पुढे वीस वर्षं रिक्षा चालवली
आणि झोपेत गेला,
कुठल्याही वेदीवर न चढता.

आमच्यात हुतात्म्याला रक्तसाक्षी म्हणतात.
लहानपणी मला त्यातलं रक्तच दिसायचं,
लाल रंगाची छोटी डबी, उंटाच्या केसांचा ब्रश,
पाच ठिकाणी पाच थेंब.
हल्ली उरलेला अर्धा शब्द जड लागतो.
मी होतो. मी पाहिलं.
एवढंच म्हणायचं,
ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघूनसुद्धा.
आणि पहिल्यांदा म्हणणं एक वेळ जमेल.
बरं झाल्यावर पुन्हा?
मला नाही वाटत मला जमेल.
तरी मी दर वर्षी हे बाण मोजतो.

यंदा मावशीला विचारलं,
शर्ट का दिलास?
ती ठाणं घासत राहिली.
"चुरगळलेला घालून गेला असता."

मग उठली, गुडघ्यावर हात देऊन,
पर्समधून कापूस काढला
आणि बरगडीखालचं ते भोक पुसलं,
आतून बाहेर, गोल,
एकदा फिरवलेला बोळा पुन्हा न फिरवता.
फणसाच्या लाकडाची जरा पिवळी धूळ निघाली.
तिनं ती उजेडात धरून पाहिली.
छत्रीची काडी माझ्या हातात दिली.
"हं," म्हणाली, "आता लाव. हळू."