निववणं

वांडा चार खोकी घेऊन गराजच्या दारात उभी.
आत नाही आली.
"स्टॅनच्या आहेत," म्हणाली. "तुझी ती भट्टी…"
पुढचं तिनं हातानं दाखवलं,
पोळी लाटावी तसं.

स्टॅन तिचा भाऊ. टोलेडोच्या काचकारखान्यात बत्तीस वर्षं.
दिवसा काच साच्यात भरायचा, रात्री काच रिकामी करायचा.
(वाक्य वांडाचं. मी फक्त मराठीत आणलं.)

लेबलं निघता निघत नाहीत.
टबात धुण्याचा सोडा, रात्रभर.
सकाळी पाण्यावर कागदी बैल, कागदी राजे,
एका जहाजाचं अर्धं शीड.
डिंक राहतोच. तो मी नखानं काढते,
कपाळावरून टिकलीचा काढावा तसा.

भट्टी सेकंडहँड, बंद पडलेल्या शाळेतली.
फळीवर पांढरा लेप, त्यावर बाटल्या आडव्या,
एकमेकींना न चिकटवता.
हिरवी आणि निळी वितळतात गुण्यागोविंदानं,
पण निवताना एकीचं आकसणं
दुसरीला मानवत नाही.
हे कळेपर्यंत पाच ताटं गेली.

चौदाशे पन्नास अंश फॅरनहाइट.
भोकातून पाहिलं: सगळ्या नारिंगी,
जिनची कोणती, बिअरची कोणती, कळेना.
आधी खांदे पडतात. मग पोट.
मान शेवटपर्यंत तग धरते,
मग तीही टेकते.

वितळवणं सोपं.
साडेनऊशेवर तासभर थांबायचं, मग
रात्रभर उतरू द्यायचं, झाकणाला हात न लावता.
आमच्या घरात कुणाला जमलंय हे,
रागावरून असं पायरीपायरीनं खाली येणं?

पहाटे मला राहवलं नाही.
बोटभर फट.

टण्.

चमचा पडल्याएवढाच आवाज.
निळी. बुडापासून मानेपर्यंत केसाएवढी रेघ.

संध्याकाळी वांडाला पहिल्या खेपेतल्या सहा दिल्या,
चपट्या, चीज ठेवण्याजोग्या.
तिनं मोजल्या, पिशवीत घातल्या, वर्तमानपत्र मध्ये घालून.
मग कपाटावर मागे सरकवलेली निळी तिला दिसली.
"ही?"
"तडकली. माझी चूक."
तिनं रेघेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.
"हा तो," म्हणाली.

पिशवी तिथंच विसरली.
निळी दोन्ही हातांत धरून
गोठलेल्या अंगणातून गेली, पाऊल जपत.
झाकण आता सताड उघडं होतं.
भट्टी अजून कोमट. मी हात शेकत राहिले.