झाकणाखालचं पाणी

अथेन्समध्ये जुलैत ऊन मी म्हणतं
आणि रात्री दोन वाजताही म्हणतच राहतं.
दिवसभर गिळलेलं
भिंती रात्रभर ओकत बसतात अंथरुणावर.

माझं काम रस्त्याचा ताप बघायचं.
पालिकेनं दिलंय एक पिस्तुलासारखं यंत्र,
रोखायचं, दाबायचं, आकडा वहीत उतरवायचा.
दुपारी तीन. डांबर : एकसष्ट.
बसथांब्याचं बाकडं : चौपन्न, बसलेलं कुणी नाही.
उभ्या गाडीचा टप : त्र्याहत्तर.
कोपऱ्यावरच्या तुतीचा बुंधा : बत्तीस.
तिथं मी दोनदा मोजलं,
मग यंत्र खिशात घालून नुसताच हात टेकला.

याच गल्लीत गेल्या वर्षी
चौथ्या मजल्यावरचे एफ्थीमिस गेले.
चोरांच्या धास्तीनं खिडक्या बंद,
पंखा तेवढा चालू,
तोच तो वारा परत परत ढवळत.
कळलं तिसऱ्या दिवशी,
तेही त्यांची कॅनरी गायची थांबली म्हणून.
डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं.
उन्हासाठी तिथं रकाना नाही.

आणि तळमजल्यावर कल्लिरोई.
नावाचा अर्थ : छान वाहणारी.
बाई मात्र सत्तरीची, कोरडी ठणठणीत,
जिभेला हाड नाही.
"झाड लावताय? आणि माझ्या पोराची गाडी
काय डोक्यावर घेऊन बसू?"
पोरगा श्टुटगार्टला.
गाडी नऊ वर्षं जागची हललेली नाही,
चाकं बसलीत, काचेवर कबुतरांचा थर.
पण नकाशातली नेमकी जागा तीच.
कारण गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी झाकण,
झाकणाखाली विहीर, सात परस,
आणि तळाशी कालवा,
रोमन बादशहानं खोदलेला,
म्हणजे त्यानं हुकूम सोडलेला
आणि कुणाकुणाच्या हातांनी छिन्नीनं खोदलेला.
बादशहा गेला, हात गेले.
पाणी काही त्यांच्यासाठी थांबलं नाही.
इतकी शतकं डोंगरावरून येतं,
आमच्या घामेजल्या झोपेखालून जातं
आणि गटाराला मिळतं.

चार बैठका झाल्या. चारही वेळा बाई भांडली.
पाचवीच्या आधी तिनं पोराला फोन केला.
"कुठली गाडी?" तो म्हणाला.

दोन दिवस तिचं दार उघडलं नाही.
तिसऱ्या दिवशी किल्ली माझ्या हातावर ठेवली,
माझ्याकडे न बघता.

झाकण काढायला पाच जण लागले, दोन पहारी.
आतून जी हवा वर आली
तिला काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही.
बाई गुडघ्यावर बसली, तोंड आत घातलं,
बराच वेळ तशीच.
मग एक खडा सोडला.
आम्ही सगळे, पंपवाल्यासकट, श्वास धरून.
डुबुक.
पंपवाला हसला. मी मोजायचं विसरलो.

या वर्षी तिथं एक तुती आहे,
सावली अजून हातरुमालाएवढी.
नळावर पाटी : पिण्यासाठी नाही.
पोरं तोंड धुतात, कुत्री पितात.
ओली माती : एकोणतीस.
आख्ख्या गल्लीचा आकडा मात्र
उतरलाय एकाच अंशानं.
साहेब म्हणाले, एवढाच?
मी म्हटलं, झाड लहान आहे.

गाडीच्या जागी आता खुर्ची,
खुर्चीत कल्लिरोई, पाय चिखलात,
तुतीची फळं फरशीला डाग पाडणार
म्हणून आत्तापासूनच चिडलेली.
दुपार टळली की उठते,
जिन्यातल्या बेल एकेक करून दाबते.
"जिवंत आहेस ना? मग खाली ये."
उत्तर येईपर्यंत बोट काढत नाही.

वहीत यालाही रकाना नाही.
समासात लिहून ठेवतो :
काल सात बेल, सहा उत्तरं.
सातवा उशिरानं ओरडला वरून,
अंघोळ करत होतो, बाई, मरू तरी द्या सुखानं.